नाकातून दोरा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझा नवरा सांगत फिरतो. त्यात खोटं काही नाही. कारखान्यात सेफ्टी अधिकारी म्हणून लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते आणि तेवढ्यात माझी तीन भांडणं झाली होती. एक गोदामवाल्याशी, कारण तो मालाची पोती लाकडी फळ्यांवर रचत होता. दुसरं खरेदीवाल्याशी, कारण तो हातमोज्यांची एक जोडी तिघांत वापरायला सांगत होता. तिसरं थेट मॅनेजरसाहेबांशी. "मी आल्यापासून बावीस वर्षांत आपल्याकडे एकही अपघात नाही," असं ते छाती काढून म्हणाले, तेव्हा मी म्हणाले, "साहेब, बावीस वर्षांत कुणी विचारलंच नसेल."

कामगार मला तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की सेफ्टीबाई. मला चालायचं. फक्त पॅकिंग विभागात जाताना माझी जरा पंचाईत व्हायची, कारण तिथले मुकादम म्हणजे माझे बाबा. एकोणतीस वर्षं ते त्या खोलीत होते. मी लहान असल्यापासून त्यांच्या कामाच्या कपड्यांच्या शिवणींत नारिंगी भुकटी बघत आले होते. आणि सहा महिन्यांपासून माझी धाकटी बहीणही त्याच खोलीत पोत्यांची तोंडं शिवायच्या यंत्रावर बसत होती. बाबांनीच तिला लावून घेतलं होतं. मी लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलेली, ती दोघं आणि आई जुन्या घरात. रविवारी भेट व्हायची, तीही घाईघाईत.

आमचा कारखाना पोटॅशियम डायक्रोमेट बनवतो. चामडं कमावणाऱ्यांना लागतं, रंगवाल्यांना लागतं, धातूवर मुलामा देणाऱ्यांना लागतं. मोठं देखणं मीठ आहे. ओलं असताना विटेसारखं दिसतं आणि वाळलं की असं लखलखीत नारिंगी होतं की हात लावायचा मोह व्हावा. पॅकिंगवाले त्याला लाडानं 'केशरी' म्हणायचे. मला त्या लाडाचाच राग यायचा.

तर त्या दिवशी सकाळी मी पॅकिंगवाल्यांचा वर्ग घेतला. त्यांच्या चहाच्या खोलीत फळा टांगला. बाबा धरून अकरा पुरुष आणि बारावी धाकटी. बाबा पहिल्या बाकावर, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मुलगी शिकवणार म्हणून त्यांचं ऊर भरून आलं होतं, आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी मागे वळून दोघांना गप्प केलं.

मी म्हणाले, "हे मीठ स्वतः जळत नाही. पण जळणाऱ्याला प्राणवायू पुरवतं. काही माणसं स्वतः हात उचलत नाहीत, नुसती बाजूला उभी राहून दुसऱ्याला चिथावतात ना? तसं आहे हे. म्हणून ते सांडलं तर त्यावर भुसा टाकायचा नाही. तेलकट चिंधीनं पुसायचं नाही. कोरड्या झाडूनं झाडायचं तर मुळीच नाही, कारण झाडलेली धूळ तुमच्याच छातीत जाते. ओल्या फडक्यानं टिपायचं, आणि ते फडकं कचऱ्याच्या डब्यात न टाकता पाणी भरलेल्या पिंपात बुडवायचं."

"मागच्या वर्षी कचऱ्याचा डबा आपोआप धुमसला होता," मागून एक जण म्हणाला. "आम्ही म्हटलं, कुणी तरी विडी टाकली."

"आपोआप काही धुमसत नाही. भुसा टाकला होता ना?"

"टाकला होता."

खोलीत थोडी हालचाल झाली. मला बरं वाटलं. कुणी तरी ऐकतंय, असं वाटलं. मग मी पुढे सांगितलं, की हे चिमूटभर पोटात गेलं तर मूत्रपिंडं कामातून जातात. बोटाच्या पेरावरच्या खरचटल्या जागी बसलं, तर तिथे खोल खड्डा पडतो आणि तो दुखत नाही. वर्षानुवर्षं छातीत गेलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर होतो. म्हणून हातमोजे घालायच्या आधी भोकं तपासा, हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नका, कामाचे कपडे घरी नेऊ नका, आणि मास्क एका मिनिटासाठीही उतरवू नका.

मास्क म्हटल्यावर दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या ते लक्षात आलं, पण मी तोवर फळ्यावर नाकाचं चित्र काढायला घेतलं होतं.

"आता हे नीट ऐका. दोन नाकपुड्यांच्या मधे पडदा असतो. ही धूळ त्या पडद्यावर बसते आणि त्याला खात जाते. आधी शिंका येतात, मग खपल्या धरतात, मग रक्त येतं. आणि मग एक दिवस सगळं थांबतं. माणसाला वाटतं, बरं झालं. खरं तर पडद्याला आरपार भोक पडलेलं असतं, म्हणून थांबलेलं असतं."

सगळे हसले. खो खो नाही, आपल्या घरातली गोष्ट पाहुण्यानं सांगितल्यावर हसतात तसं. मला वाटलं, माझ्या चित्राला हसतायत. चित्र खरंच बटाट्यासारखं झालं होतं.

बाबा उठले. "मॅडमचं चित्र काही जमलेलं नाही," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "थांबा, मी मदत करतो."

त्यांनी खिशातून पोती शिवायच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा काढला. मेण लावलेला तो दोरा ताठ असतो. त्यांनी टोक बोटांत वळलं, मान जरा मागे केली, दोरा उजव्या नाकपुडीत सरकवला आणि डाव्या नाकपुडीतून बाहेर ओढला. मग दोन्ही टोकं दोन हातांत धरून तो इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढायला लागले. भुवया उंचावून, ओठांचा चंबू करून. खोलीत टाळ्या पडल्या.

ही जादू मी शेकडो वेळा पाहिलेली होती. मी सात वर्षांची असल्यापासून. आईच्या शिवणाच्या डब्यातून मीच त्यांना दोरा आणून द्यायचे. वर्गातल्या मैत्रिणींना मुद्दाम घरी घेऊन यायचे, की चला, माझ्या बाबांना जादू येते, तुमच्या बाबांना येते का? धाकटी तर जेवायची नाही जादू दाखवल्याशिवाय. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, परीक्षेत नाकाच्या पडद्यावर दोन मार्कांची टीप लिहिली, सेफ्टीचा कोर्स करताना त्याच पडद्याचे फोटो पाहिले. पण पुस्तकातलं नाक आणि बाबांचं नाक यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नाही. एक गोष्ट अभ्यासात होती आणि दुसरी लहानपणात.

ती गाठ त्या क्षणी पडली. माझ्या हातातला खडू खाली पडला. डोक्यातून काही तरी भसकन रिकामं झाल्यासारखं वाटलं. मी फळ्याची कड धरून उभी राहिले आणि माझे बाबा माझ्यासमोर, माझ्याच मदतीसाठी, स्वतःच्या नाकातली जखम नाचवून दाखवत होते.

"आता मी," दुसरा एक जण उठला. त्यानंही दोरा घातला. मग तिसरा. त्यांना वाटत होतं, मला मजा येतेय. माझ्या चेहऱ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. एका टकल्या पॅकरनं तर दोरा घालून त्याची गाठ मारली आणि लगाम लावलेल्या घोड्यासारखी मान हलवली. दहा जणांनी करून दाखवलं. मी मोजत होते, कारण मोजण्याशिवाय मला काही सुचत नव्हतं.

"आणि ते बघा," टकला म्हणाला. उघड्या दारातून पलीकडे पॅकिंगच्या खोलीतला वजनकाटा दिसत होता. त्याच्या वर भिंतीला एक खिळा होता आणि त्याला दोऱ्याचे तुकडे टांगलेले होते. दोन महिने मी रोज ते तुकडे बघत होते आणि शिवणयंत्राचा कचरा आहे, असं समजत होते. "ज्याचं नाक पिकलं, तो पक्का. त्याचा पहिला दोरा तिथे. कच्च्यानं कप धुवायचे, पक्क्यानं बसून चहा प्यायचा. हा लंबू बघा. चार वर्षं झाली, अजून कच्चा!"

कोपऱ्यातला लंबू ओशाळून हसला. साडेसहा फूट माणूस, बायकोला वचन दिलं म्हणून कधी मास्क उतरवायचा नाही आणि दर महिन्याला खरेदीवाल्याच्या दारात फिल्टर मागायला उभा राहायचा. चार वर्षं सगळ्यांचे कप तोच धूत होता.

"माझं पण झालंच आता, ताई," धाकटी म्हणाली.

मी तिच्याकडे वळले. ती हसत होती.

"चार दिवस झाले, रक्त थांबलंय. शिंकापण नाहीत. म्हणजे झालंच असणार ना, बाबा?"

"सहा महिन्यांत!" बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला आठ लागले होते."

मी तिला विचारलं, "तुझा मास्क कुठे असतो?"

धाकटीनं बाबांकडे पाहिलं. खोलीतलं हसणं ओसरलं.

"असतो खुंटीला," बाबा म्हणाले. "अगं, तू फेरीला येतेस तेव्हा लावतात सगळे, तुझ्या शब्दाला मान म्हणून. पण त्याचा उपयोग नाही. उलट नुकसान. मास्क लावला की नाक पिकायला दोन-दोन, तीन-तीन वर्षं लागतात. तेवढी वर्षं पोरीनं रडत काढायची? मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, मास्क काढ. सहा-आठ महिने दात आवळून काढ. एकदा पडदा गेला की केशरीला खायला काही उरत नाही. मग जन्मभर त्रास नाही. मला माझ्या मुकादमानं हेच सांगितलं होतं, आणि बघ, एकोणतीस वर्षांत मला कधी साधा घोळणा फुटला नाही."

हे ते इतक्या मायेनं सांगत होते की मला आधी कळलंच नाही, ते काय म्हणतायत. मग कळलं आणि मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. 'तुम्हाला अक्कल आहे का' असं आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना म्हणाले, तेही त्यांच्या हाताखालच्या माणसांसमोर, एवढं मात्र आठवतं.

बाबांचा चेहरा कडक झाला. "तुझ्या पुस्तकात काय आहे ते तुला माहीत," ते म्हणाले. "माझ्या नाकात काय आहे ते मला माहीत."

"लंबूदादा, इकडे या," मी म्हणाले.

लंबू आला आणि बाकावर बसला. मी बॅगेतून बॅटरी काढली, त्याची मान मागे केली आणि नाकपुडीत उजेड टाकला. मग बाबांना म्हणाले, "या. तुम्हीच बघा."

बाबांनी वाकून पाहिलं. एका नाकपुडीत पाहिलं, मग दुसऱ्या. पडदा गुलाबी, ओला, धड होता. चार वर्षं त्याच खोलीत, त्याच धुळीत.

"ह्याला रक्त आलं नाही कधी?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही, मुकादम," लंबू म्हणाला. "पण तुम्ही सगळे चिडवाल म्हणून मी बोललो नाही."

बाबा सरळ उभे राहिले. हातातला दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. ते मनात हिशेब जुळवून बघत असावेत आणि तो जुळत नसावा.

"म्हणजे ते पिकणं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, बाबा. कुजणं होतं."

टकल्यानं हळूच आपल्या नाकातला दोरा काढला आणि मुठीत लपवला.

आता एकच प्रश्न उरला होता आणि तो सगळ्यांना कळला होता. धाकटीचं रक्त थांबलं होतं ते पडदा गेला म्हणून की वाचला म्हणून? मागच्या आठवड्यात तिच्या मनगटाला मुका मार लागला होता, म्हणून ती यंत्रावर नव्हती, बाहेरच्या टेबलावर लेबलं चिकटवत होती. धुळीपासून आठवडाभर लांब. तेवढीच आशा. बॅटरी माझ्या हातात होती, पण तिच्या नाकात उजेड टाकायचा मला धीर झाला नाही. मी ती बंद करून बॅगेत टाकली.

"डॉक्टरकडे चला," मी म्हणाले. "आत्ता."

बाबांनी पॅकिंगची खोली बंद केली. एकोणतीस वर्षांत चालू पाळीत ते कुलूप कधी लागलं नव्हतं. वर्ग सुटायच्या आधी मी सगळ्यांना सांगितलं, की उद्यापासून इजांची वही सुरू. प्रत्येकाचं नाक तपासायचं, प्रत्येकाचं नाव लिहायचं, खाली मुकादमाची सही. कुणालाही सूट नाही. हे मी रागाच्या भरात म्हणाले, पण बाबा लगेच म्हणाले, "हो. कुणालाच नाही."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढताना बाबांनी धाकटीचा दंड धरला होता, जणू तिचा पायच मोडला होता. वाट बघायच्या बाकावर ते मधे बसले आणि आम्ही दोघी दोन बाजूंना.

"दुखतंय का?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही, बाबा."

"थोडंसंही नाही?"

"नाही."

बाबांनी मान खाली घातली. न दुखणं हेच वाईट, हे त्यांनी तासाभरापूर्वीच माझ्या तोंडून ऐकलं होतं. थोड्या वेळानं ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी तिच्या हातातून मास्क घेतला गं. पहिल्या दिवशी. ती लावत होती, मी तिच्या हातातून घेतला." माझा राग अजून उतरला नव्हता.

धाकटीबरोबर आत एकाच माणसाला जाता येत होतं. मी गेले. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला उंच खुर्चीत बसवलं, खोलीतला दिवा मालवला आणि पेन्सिलीएवढा एक दिवा तिच्या उजव्या नाकपुडीजवळ धरला. मग वाकून डाव्या नाकपुडीत पाहिलं. त्यांना तिथे काय दिसायला हवं होतं ते मला माहीत होतं: अंधार. मी देवाचं नाव घेणारी नाही, तरी घेतलं.

"या, बघा," त्या मला म्हणाल्या.

डाव्या नाकपुडीत उजेड होता. छोटासा, गोल, मसुराएवढा.

धाकटीला आरशातून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. सकाळी ज्या गोष्टीची ती वाट बघत होती तीच ही गोष्ट होती.

"हे भरून येणार नाही का?"

"आपोआप नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धुळीत जाणं आजपासून बंद, म्हणजे मोठं होणार नाही. मलम देते, नाक रोज धुवायचं. ऑपरेशनचं वर्षभरानं बघू. काम करताना मास्क नव्हता?"

"नव्हता."

"कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "माझाच हलगर्जीपणा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई कागद लिहायला बसल्या तेव्हा तिनं माझी बाही ओढली. "ताई, बाबांना सांगायचं नाही."

"वेड लागलंय का तुला?"

"त्यांनी माझ्या हातातून घेतला मास्क. तू बघितलंस ना त्यांचं तोंड? ते मरतील, ताई."

"मी वही सुरू केलीय. कुणालाही सूट नाही, असं सगळ्यांसमोर म्हणालेय. काय लिहू तिच्यात?"

"तुझ्या वहीचं तू बघ," धाकटी म्हणाली, आणि मी तिला अडवायच्या आत दार उघडून बाहेर गेली.

बाबा उभेच होते. दोन्ही हात छातीशी धरून, निकालाला आलेल्या पोरासारखे.

"शाबूत आहे, बाबा!" धाकटी म्हणाली. "नुसती खपली होती. थोडक्यात वाचलं म्हणाल्या."

मी तिच्या मागे दारात उभी होते. हातात डॉक्टरीणबाईंचा कागद होता आणि त्यावर भोकाचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं मला पचत नाही. कुणी बोललं तर मी तिथल्या तिथे तोंडावर सांगते, सासूलासुद्धा सोडलं नाही. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना ऐकू आलं, "हो, बाबा. थोडक्यात वाचलं."

ते मटकन बाकावर बसले आणि रडायला लागले. दवाखान्यात बसलेल्या चार माणसांसमोर, हुंदके देऊन, नाक शर्टाच्या बाहीला पुसत. मग हसायला लागले. धाकटीचं डोकं त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, कुरवाळलं, परत धरलं. "अजून आठ दिवस गेले असते तर?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आठ दिवस गेले असते तर काय केलं असतं मी?" जिना उतरताना ते मला म्हणाले, "तुझा राग कामाला आला हो, पोरी. ओरडत जा अशीच." मी कागदाची घडी घालत राहिले. घालता घालता ती बोटाच्या पेराएवढी झाली.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या आधी कारखान्यात हजर होते. खिळ्यावरचे दोरे गेलेले होते. ते कुठे टाकले, हे मी विचारलं नाही. चहाच्या खोलीत बाबा उभ्यानं कप धूत होते आणि लंबू बाकावर अवघडून बसला होता. "बस रे, हलू नकोस," बाबा त्याला दटावत होते. "आपल्यात शहाणा तू एकटा निघालास, आता चहासुद्धा बसून पी."

मग त्यांनी एकेकाला माझ्या टेबलापाशी आणलं. पहिलं नाव स्वतःचं लिहायला लावलं. वहीत चार रकाने होते: नाव, इजा, कारण, मुकादमाची सही. कारणाच्या रकान्यात मी सगळ्यांना 'धूळ' असं लिहीत गेले. दहा जणांचं लिहून झालं, अकरावा लंबू, त्याच्यासमोर 'शाबूत' लिहिलं. त्या शब्दावर बाबांनी बोट ठेवून तो दोनदा वाचला.

"आणि धाकटी," ते म्हणाले. "तिचंही लिही. शाबूत."

"लिहिते. तुम्ही जेवून या, मग सह्या करा."

ते गेल्यावर मी बारावी ओळ समोर घेऊन बसले. शाबूत लिहिलं तर पुढे ऑपरेशनच्या वेळी कंपनी वहीवर बोट ठेवेल आणि मोकळी होईल. आणि त्याहून मोठं म्हणजे, पहिल्याच पानावर मी खोटं लिहिलं तर उद्या कुठल्या तोंडानं कुणावर ओरडू? मी खरं लिहिलं. पडद्याला भोक, इतके मिलिमीटर. कारणाचा रकाना मात्र मी कोरा सोडला. माझ्या हातून तो भरवेना.

मनातून मला वाटत होतं, की ते बघणार नाहीत. बारा सह्या, जेवून आलेला माणूस, झपाझप करून टाकेल. पण बाबा कमी शिकलेले आहेत आणि कमी शिकलेला माणूस प्रत्येक अक्षर वाचतो. बोट ठेवून, ओठ हलवत त्यांनी एकेक ओळ वाचली आणि एकेक सही केली. मी समोर हात बांधून उभी होते. अकराव्या ओळीनंतर बोट खाली सरकलं आणि थांबलं.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. परत पहिल्यापासून वाचलं.

"पेन दे," ते म्हणाले. पेन त्यांच्याच हातात होतं. मी ते दाखवलं. मग ते वाकले आणि कोऱ्या सोडलेल्या रकान्यात एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी लिहिलं: मुकादमानं मास्क काढायला लावला. रकाना लहान होता, शेवटचे दोन शब्द खाली उतरले. पुढे त्यांनी सही केली आणि तारीख टाकली.

"बाबा," मी म्हणाले.

"तू हे लिहिलंस, ते तिला माहीत आहे?"

"नाही."

"आणि मी वाचलं, हे?"

"नाही, बाबा."

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"मग सांगू नकोस," ते म्हणाले. "रात्रभर माझ्यासाठी हसून दाखवत होती ती घरी. तिला वाटू दे, मला काही कळलेलं नाही."